पंधरा मतांचा डबा

ज्या माणसानं आमच्या गावात येऊन "याला मालक नाही" असं पहिल्यांदा सांगितलं, त्याला मी माझ्या हातानं चहा करून पाजला होता. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तो कंपनीचा प्रशिक्षक. वारंगा फाट्यावर उतरून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आला होता. पाठीवर बॅग, डोक्यापासून पायापर्यंत धूळ, आणि बोलणं इतकं गोड की बायका हातातली कामं टाकून समाजमंदिरात ऐकत बसल्या. आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडं. बचत गटात आम्ही पंधरा जणी, पंधराही हळद लावणाऱ्या. गटाला निंदणीची चार यंत्रं मिळाली होती. गुडघ्याएवढी, चार चाकांची, वाफ्यांमधून आपली आपण चालणारी आणि हळदीचं रोप सोडून नेमकं तण उपटणारी. गावानं त्यांना पहिल्याच दिवशी मुंगळे म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

या मुंगळ्यांना हुकूम सोडणारा कुणी नव्हता. एक वही होती, पण कागदाची नव्हे. तिची एकेक प्रत आमच्या पंधरा फोनांत आणि एकेक चारही मुंगळ्यांच्या पोटात. कुणाचं रान कुठून कुठं, ते कोण कसतं, आज कुणाची पाळी, सगळं त्या वहीत. एकदा लिहिलेली ओळ खोडता येत नाही, कारण एकीनं आपल्या फोनात खोडली तरी बाकीच्या अठरा प्रती तिला खोटं पाडतात. काही बदलायचं असेल तर मत घ्यायचं, आठ जणी "होय" म्हणाल्या की नवी ओळ चढते, आणि मुंगळे ती वाचून कामं आपसांत वाटून घेतात.

"याला ब्लॉकचेन म्हणतात, ताई," प्रशिक्षक म्हणाला. "याला मालक नाही. सरपंच नाही, तलाठी नाही, मीसुद्धा नाही. तुम्ही पंधरा जणीच."

मी उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. ते ऐकून माझे डोळे भरून आले. इतकी मूर्ख मी होते, हे इथंच कबूल करून टाकते.

आमच्यातली सगळ्यांत धाकटी माझीच विद्यार्थिनी. तिच्या नवऱ्यानं आठ वर्षांपूर्वी पुण्यात दुसरं घर मांडलं आणि इकडं पाठ फिरवली ती कायमची. त्याच्या वाट्याचं दीड एकर ती एकटी कसायची. वाट्याचं म्हणजे तोंडी. सासरा वारला तरी सातबारा त्याच्याच नावावर होता, दोघा भावांत वाटणी झाली ती चार माणसांसमोर बोलून, आणि ती चारही माणसं दिराची. त्या रानासमोर तिचं नाव असलेला एक कागद जगात नव्हता.

वही सुरू करताना प्रत्येकीनं फोन हातात धरून आपल्या रानाच्या बांधावरून चालायचं होतं. ती चारही बाजू चालली, आणि तिच्या फोनात नकाशा उमटून त्याच्या खाली तिचं नाव आलं. तशीच चिखलाच्या पायांनी माझ्या घरी आली.

"बाई, हे माझं नाव हाय ना? बराबर वाचून सांगा."

मी वाचलं. तिनं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "आन् हे पुसता येत न्हाई म्हणले ना ते सायेब?"

"नाही येत," मी म्हणाले.

आता डब्याचं सांगते. मत देताना बारा शब्द घालावे लागत. प्रत्येकीला वेगळे, इंग्रजी, एकमेकांशी काही संबंध नसलेले. त्या शब्दांत जिचा तिचा अधिकार, म्हणून ते कुणालाही दाखवायचे नाहीत, नवऱ्यालाही नाही, असं प्रशिक्षकानं बजावलं होतं. बायकांनी ते मराठी अक्षरांत चिठ्ठ्यांवर उतरून घेतले. मग प्रश्न आला की चिठ्ठी ठेवायची कुठं. आमच्याकडं बाईच्या मालकीची अशी एक फळीसुद्धा घरात नसते. पेटी सासूची, कपाट नवऱ्याचं, फोन तर घरातल्या कुणीही उचलावा. पण गावात एक जुनी सवय आहे. घरात दिसू नये अशी वस्तू बायका माझ्याकडं आणून ठेवतात. कुणाची गोळ्यांची पाकिटं, कुणाचं दहावीचं प्रमाणपत्र, कुणाचा एखादा फोटो. मी विचारत नाही आणि दाखवत नाही. त्या रीतीनं आठवड्याभरात चौदा चिठ्ठ्या माझ्या दारी आल्या. पंधरावी माझी. सगळ्या मी एका बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.

पुढं काय झालं ते सांगायला नकोच. पाळी ठरवायचं मत आलं की बायका बांधावरूनच हाका मारायच्या, "बाई, तुमीच दाबून टाका वं." आणि मी चष्मा लावून एकामागून एक पंधरा चिठ्ठ्या काढून पंधरा मतं दाबायची. ज्याला मालक नाही म्हणून मी टाळ्या वाजवल्या होत्या, त्याची मालकीण मीच होऊन बसले होते. काम मात्र चोख चाललं. ज्याच्या रानात गवत जास्त त्याची पाळी आधी, एवढाच माझा कायदा. त्यावरून कुणाचं भांडण झालं नाही, आणि त्या धाकटीच्या दीड एकरात तर हळद अशी उठली होती की रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

तेच दिराच्या डोळ्यात खुपलं. भाद्रपदात वहीत एक प्रस्ताव आला. सदर रान सदर बाईच्या नावावरून कमी करावे. प्रस्ताव टाकायला बारा शब्द लागत नव्हते, नुसता गटातल्या कुणाचा तरी फोन पुरे होता. टाकणारी म्हणून नाव होतं तिच्या जावेचं, म्हणजे त्याच दिराच्या बायकोचं. ती आमच्याच गटात. मी तिला गाठून विचारलं तर तिला पत्ताच नाही. "फोन त्याह्यच्याच खिशात राहते बाई," ती म्हणाली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली.

दीर तिथं थांबला नाही. हॉटेलात चहा पाजून त्यानं गटातल्या बायकांच्या नवऱ्यांना जमवलं आणि सांगितलं, "आज हिचं नाव रानावर चढलं. उद्या तुमच्या घरच्यायचं चढंल. मग बसा बोंबलत." बाप्यांना पटायला आणखी काय लागतं? शिवाय त्यानं वसमतहून कंपनीत तक्रार केली की पंधरा मतं एकटी मास्तरीण दाबते.

प्रशिक्षकाचा मला फोन आला. आवाजात तोच गोडवा. "ताई, सगळी मतं एकाच फोनवरून पडतायत. असं असेल तर मग हे विकेंद्रित कसं? तुम्ही तर शिक्षिका."

तुम्ही तर शिक्षिका! हेच ते तीन शब्द. मला ते फार झोंबले. वर्षानुवर्षं फळ्यावर "मत हे गुप्त आणि स्वतंत्र असते" असं लिहिणारी मी, आणि डब्यात बायकांची मतं कोंडून बसलेली. मी ठरवलं, ज्याचं त्याला परत करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती धाकटी आली. उंबऱ्यातच बसली, आत येईना.

"बाई, चिठ्ठ्या वापस देऊन राहिल्या म्हणते तुमी?"

"देणार. ज्याचं मत त्यानं द्यावं."

"मंग माझं रान गेलं."

"असं कसं जाईल? तुझ्याबरोबरच्या बायका आहेत. चार वर्षं एकमेकींच्या रानात निंदलंय तुम्ही."

"बाई, चिठ्ठी घरी गेली का ती बाईची राहत न्हाई. तुमाला ठावं हाय. ह्या एका टायमाला तुमीच दाबा. नंतर द्या खुशाल वापस. एवढंच मागते."

मी काय केलं? मी तिला व्याख्यान दिलं. दुसऱ्याचं मत आपण चांगल्या कामासाठी जरी वापरलं तरी ती चोरीच, असं मी तिला सांगितलं. ती ऐकत बसली, शाळेत बसायची तशी, मान खाली घालून. मग उठून गेली. माझा स्वतःवरचा राग त्या सकाळी सुरू झाला असता तर बरं झालं असतं, पण त्या सकाळी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

समाजमंदिरात मी चिठ्ठ्या वाटल्या. पुन्हा एक भाषण केलं. बायका माझ्याकडं बघत नव्हत्या. एकीनं तर हात पुढं केलाच नाही. मी तिच्या मुठीत चिठ्ठी कोंबली. बाहेर पारावर नवरे बसले होते. सभा संपून बायका उठेपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही, चौघे तर दारात येऊन उभे राहिले.

मतं वहीत नावासकट दिसायची. मी दुपारभर फोन घेऊन ओसरीत बसले. पहिलं माझं, नाही. मग धाकटीचं, नाही. मग पहिलं होय. जिच्या बाळंतपणात ती धाकटी बारा दिवस राबली होती, तिचं होय. जिची मुलगी ती रोज शाळेतून घेऊन यायची, तिचं होय. जावेचं होय. मी फोन खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची. चहाच्या वेळेपर्यंत तेरा झाले. नाही दोन. नाव कमी केले, अशी ओळ वहीत चढली, आणि तिच्या खाली तेरा जणींची नावं. कधीही न पुसता येणारी.

मी भांडायला निघाले, आणि वाटेतच माझ्या लक्षात आलं की भांडायचं कुणाशी. तलाठ्यानं असं केलं असतं तर त्याच्या टेबलावर हात आपटला असता. सरपंचानं केलं असतं तर त्याच्या दारात ठिय्या दिला असता. इथं मालक नाही! नवरे म्हणाले, बायकांनी ठरवलं. बायका म्हणाल्या, मशिनीत तसंच आलं. प्रशिक्षकाला फोन केला तर तो आनंदात. "ताई, पंधरा वेगवेगळ्या फोनांवरून मतं आली! तुमचं गाव आता खरं विकेंद्रित झालं." त्याला मी जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, नियमात काही चूक झालेली नाही. हलकटपणा नियमात बसवला की त्याला कुणीच हलकटपणा म्हणत नाही, हे मला म्हातारपणी कळलं.

आठवड्यानं वहीत दुसरी ओळ आली. तेच दीड एकर आता जावेच्या नावावर. पुन्हा तेरा, पुन्हा दोन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंगळे जावेच्या पाळीला निघाले, आणि थेट धाकटीच्या रानात शिरले. तिनं लावलेल्या हळदीत, तिनं शेण टाकून केलेल्या वाफ्यांत. मला कळलं तेव्हा मी चप्पल न घालता गेले. दीर बांधावर हाताची घडी घालून उभा. ती एका मुंगळ्यासमोर उभी होती. मुंगळा थांबला होता. माणूस आडवं आलं की त्यानं थांबायचं, ही त्याची रीत. पण एक थांबला की बाकीचे तीन त्याच्या ओळी आपसांत वाटून घेतात. न सांगता, न भांडता. ती पळत दुसऱ्यापुढं गेली की पहिला पुन्हा चालू लागायचा. ती तिसऱ्यापुढं गेली, दुसरा चालू झाला. चिखलात पळून पळून तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भरलं होतं. दिरानं तिला हातसुद्धा लावला नाही. त्याला कशाला लावावा लागतो?

मी एका मुंगळ्यापुढं जाऊन उभी राहिले. दोन थांबले. दोन चालूच. ओळ संपली की वळून आमच्या थांबलेल्यांच्या ओळीत यायचे, आमच्या पायांना वळसा घालून पुढं जायचे.

रस्त्यावर आमच्या गटातल्या पाचसहा जणी खुरपी घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या. मी ओरडले, "अगं या ना! अजून दोघी आल्या तरी पुरे!" घसा फाटेस्तोवर ओरडले. एकीनं पाऊल उचललं, बांधावर उभ्या असलेल्या दिराकडं बघितलं, आणि पुन्हा खाली टेकवलं. मग त्या डोक्यावरचे पदर ओढून निघून गेल्या.

ती माझ्यापासून तीन वाफे पलीकडं धापा टाकत उभी होती. तिनं रस्त्याकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्यापाशी पंधरा होत्या."