हिरव्या टिकल्यांचा सोमवार

ज्या माणसाला स्वतःच्या मोटारसायकलची चावी रोज शोधावी लागते, त्याच्यावर तीन प्रकल्प एकदम सोपवू नयेत. आमच्या संस्थेनं सोपवले. तोवर मी एकट्या जिंतूरच्या शेततळ्यांचं काम बघत होतो. वरिष्ठ व्यवस्थापक झालो आणि पाथरीची वाचनालयं, वालूरच्या बायकांची डाळमिल, हेही पदरात पडलं. परभणीच्या हापिसात फिरती खुर्ची मिळाली. पहिला आठवडा मी फिरतीवरच होतो; खुर्चीतल्या खुर्चीत.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, सगळे प्रकल्प एका नजरेत दिसले पाहिजेत. मी भिंतीवर पांढरा तक्ता लावला आणि बायकोची टिकल्यांची पाकिटं उचलली. काम वेळेवर तर हिरवी, रखडलं तर पिवळी, अडलं तर लाल. दर सोमवारी प्रत्येक प्रमुखानं आपल्या हातानं टिकली लावायची.

"घरात कपाळं कमी पडली का?" बायकोनं विचारलं.

वालूरचा प्रमुख माझा शाळेतला बाकावरचा दोस्त. माझ्याच शब्दावर त्याला संस्थेत घेतलं होतं. दिवाळीनंतर त्यानं एकदा लाल टिकली लावली. यंत्र आलं होतं, शेड उभी होती, पण थ्री-फेज लाइनचा पत्ता नव्हता. तूर निघायच्या आत मिल सुरू झाली नाही तर बायकांचा हंगाम गेला, हे मलाही कळत होतं. पण त्या दिवशी विश्वस्त आले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काय गड्या, माझ्या भिंतीला गोवर आणलास का?"

सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या सोमवारी वालूर हिरवं. त्याच्या पुढच्या सोमवारीही हिरवं. मी इतका निर्धास्त झालो, की लाइनच्या मागं लागलेला आमचा एकुलता एक इंजिनिअर जिंतूरला पाठवला, कारण तिथं पिवळं होतं. याला नियोजन म्हणतात, हे मी दोस्तालाच बसवून समजावलं. तो "बरं" म्हणाला. हिरव्या टिकल्या संपल्या, मी नवं पाकीट आणलं. लालचं पाकीट भरलेलंच होतं. ते बघून मला माझंच कौतुक वाटायचं.

मग एका सकाळी वालूरच्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष मावशींचा फोन आला. "साहेब, तूर आणून टाकलीय शेडात. लाइट कव्हा यायलीय?"

"गेली का लाइट, मावशी?"

"आली कव्हा होती?"

चावी त्या दिवशी लगेच सापडली. वालूरला पोचलो तर बायका पोत्यांवर बसलेल्या. यंत्राच्या गळ्यात दसऱ्याचा हार, वाळून कोळसा झालेला. दोस्त दारात उभा होता.

"मला एका शब्दानं सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं की. लाल लावून."

"परत लावायची."

"परत हसला असतास."

"अन् इंजिनिअर नेला तव्हा? तव्हा तर तोंड होतं ना?"

त्यानं खाली बघितलं. "तू लय खूश होतास. अन् हापिसात सगळ्यांलाच ठाऊक होतं. मला वाटलं, कुणीतरी सांगल."

सगळ्यांला. म्हणजे पाथरीवाल्याला, हिशेबनीसबाईंना, खुद्द त्या इंजिनिअरला. आठवडेच्या आठवडे माणसं माझ्यासमोर गंभीर चेहऱ्यानं वालूरची हिरवी टिकली बघत होती, आणि खाली टपरीवर खरं बोलत होती. गोवरचा विनोद माझाच होता, कबूल. पण बाकावरच्या दोस्तानं मला हिरव्या रंगात इतकं लोळू द्यावं?

दुपारी टेम्पो आला. तूर न भरडताच सेलूच्या आडतीवर निघाली. पोतं उचलून मदत करावी म्हणून वाकलो तर कंबर धरली. दुसरं टोक दोस्तानं उचललं. आम्ही पोती चढवली.

"आता पुढल्या तुरीला बघू," मावशी टेम्पोत चढता चढता म्हणाल्या. "पण साहेब, तुमी एक डाव हितं येऊन बटन दाबून बघायचं होतं."

सोमवारी दोस्तानं वालूरपुढं लाल टिकली लावली. या वेळी मी गोवरचं नाव काढलं नाही. इंजिनिअर परत वालूरला गेला. चहाला मीही आता खाली टपरीवर जातो. मी पोचलो की सगळे सरकून जागा देतात, आणि पावसापाण्याचं बोलायला लागतात.