साडेतीन वाजता सुहासभाऊजी उठले

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, रिटायर होईपर्यंत. भुतंखेतं, अंगात येणं, साक्षात्कार... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. अजूनही जाते. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि त्यात माझाही हात होता.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मुलुंड पूर्व, दुसरा मजला. हॉल, किचन आणि आतली एक खोली. जानेवारीत बिल्डिंगभर फ्लू पसरला. मी, मिस्टर, मुलगी — तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सगळे उभे. पण घरातल्या दोघांची गोष्ट वेगळी होती. सासूबाईंना डायबेटीस, रोज इन्शुलिन. आणि धाकटे दीर, सुहासभाऊजी, यांना लहानपणापासून दमा. तिशीतला माणूस, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. आवाज कधी चढलेला ऐकला नाही.

भाऊजींच्या तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी बिल्डिंगखालचे डॉक्टर म्हणाले, "ताप तुम्हाला आला तोच आहे हो. पण यांच्या छातीत आधीच जागा नाही. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर ॲडमिट करू."

मी लक्ष ठेवलं — फक्त भाऊजींवर. चार दिवस ते आतल्या खोलीत उशीला टेकून बसूनच होते. ओठ निळसर. एका श्वासात दोन शब्द होत नव्हते, बाथरूमला न्यायला दोघं लागायची. सासूबाईंना नुसती कणकण. सकाळी नेहमीसारखं त्यांना इंजेक्शन दिलं, ताट हॉलमधल्या पलंगाजवळ ठेवलं... आणि विसरले.

दुपारी साडेतीन. मी भाऊजींच्या खोलीचं दार ओढून घेऊन किचनमध्ये आलं कुटत होते. अचानक हॉलमध्ये पलंग जोरात सरकला आणि कुणीतरी ओरडलं, "आई! ऊठ! मरतेयस तू, ऊठ!"

खणखणीत, लांबलचक... एका दमात.

धावले. सुहासभाऊजी आईच्या छातीवर गुडघा रोवून बसले होते. एका हातात तिचे केस, दुसऱ्या हाताने थोबाडीत मारत होते — फाडफाड. मग तिची दातखीळ बोटांनी उचकटायला लागले. तिच्या ओठांतून रक्त आलं. मी मागून ओढलं, तर त्यांनी मला असं भिरकावलं की मी कपाटावर आपटले. काच खळकन फुटली.

"भाऊजी, सोडा! आई आहे ती तुमची!"

वळूनही पाहिलं नाही. माझ्या हातात बत्ता तसाच होता. मी तो त्यांच्या मनगटावर घातला. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तरी ते मोडक्या हाताने आईला गदागदा हलवतच होते.

आरडाओरडा ऐकून समोरच्या जिग्नाबेन डॉक्टरांना घेऊन आल्या. मी रडत म्हटलं, "हे आईंना मारून टाकतायत!" डॉक्टरांनी सासूबाईंचा हात धरला आणि एकदम थांबले. अंग घामाने थंडगार. इतका मार खाऊन त्या हूं की चूं करत नव्हत्या — हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"इन्शुलिन दिलंत? जेवल्या का?"

ताटातल्या पोळीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

"साखर पार उतरलीय! अजून अर्धा तास गेला असता तर..." बोलता बोलता त्यांनी ग्लुकोज शिरेत सोडलं. काही मिनिटांनी सासूबाईंनी डोळे उघडले, आणि सुहासभाऊजी जागच्या जागी कोसळले. छातीतली शिट्टी पुन्हा सुरू. आठ दिवस हॉस्पिटल, ऑक्सिजन... पण वाचले. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, "ऑक्सिजन कमी पडला की माणूस कधीकधी पिसाळतो. ते मला कळतं. पण त्या छातीतून तो आवाज? आणि बंद दाराआड याला आईचं कळलं कसं? नाही सांगता येत, बाई."

मलाही नाही.

भाऊजींना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर प्लॅस्टरकडे बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, हात... कसा मोडला?" मी म्हटलं, "बाथरूममध्ये पडलात." घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. ते आता दिंडोशीला असतात. मनगट वाकडंच राहिलं. या मासिकातलं हे वाचकांच्या अनुभवांचं पान ते दर वेळी वाचतात, मला माहीत आहे.

भाऊजी, तुम्ही पडला नव्हतात.