मोंबासाचं मडाफू, न्यू जर्सीत

“हे पाणी आहे,” मिस्टर हॅलोरन म्हणाले आणि त्यांनी कप टेबलावर आपटला. “साधं पाणी! माझं मडाफू कुठे आहे?”

माझा बॉस वॉल्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर पडणाऱ्या बर्फाकडे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका फ्लेवर कंपनीत मी ट्रेनी होतो. स्ट्रॉबेरी न घालता आइस्क्रीमला स्ट्रॉबेरीची चव आणणारी जी मंडळी असतात, ती आम्ही. हॅलोरन यांची टेक्सासमध्ये शीतपेयांची कंपनी होती. ते बायकोबरोबर केनियाला सुट्टीवर गेले, मोंबासाच्या किनाऱ्यावर मडाफू प्यायले आणि वेडे होऊन परत आले. मडाफू हा स्वाहिली शब्द, इंग्रजीनं जसाच्या तसा उचललेला. अर्थ, कोवळ्या नारळाचं ताजं पाणी. म्हणजे आपलं शहाळं! ते त्यांना कॅनमधून विकायचं होतं, पण त्यात नारळाचा थेंबही नसणार होता. पाणी, साखर आणि आमचा फ्लेवर.

“तू कर,” वॉल्टर म्हणाला होता.

“मी आफ्रिकेचा नाही, वॉल्टर.”

“महासागर एकच आहे ना? हे जमलं तर तू फ्लेवरिस्ट. नाही जमलं तर पुन्हा टूथपेस्टच्या पुदिन्यावर.”

पुदिन्यावर मी कित्येक महिने काढले होते. माझ्या घामालासुद्धा पुदिन्याचा वास यायला लागला होता. त्यामुळे मी जीव तोडून कामाला लागलो. मी रेवदंड्याचा. मला शहाळं कोण शिकवणार? ब्रुकलिनमध्ये वेस्ट इंडीजच्या लोकांची दुकानं आहेत, तिथून हिरवी शहाळी आणली. मागच्या सीटवर पाव्हण्यांसारखी बसवून आणली. मग त्या चवीची हुबेहूब नक्कल केली. किंचित गोड, किंचित खारी, मागे ओल्या गवताची जराशी आठवण. आमच्याकडे ट्रायअँगल टेस्ट असायची. तीन कप ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा. चाखणाऱ्यांनी वेगळा ओळखायचा. माझ्या वेळी कुणालाच ओळखता आला नाही. खरं शहाळं आणि माझं, डिट्टो!

आणि आता हा माणूस त्याला पाणी म्हणत होता.

“सर, ते असंच लागतं,” मी म्हटलं. “लहानपणी मी खूप प्यायलोय.”

“मोंबासात?”

“नाही.”

“मग?” ते वॉल्टरकडे वळले. “उद्या सकाळी माझी फ्लाइट आहे. त्याआधी एकदा येतो. तेव्हाही पाणीच मिळालं, तर मी दुसरीकडे जातो.”

लंचला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. चव सोडून बाकी सगळं विचारलं. कुठे बसला होतात, किती वाजले होते, वारा होता का.

“बसलो कुठला, आडवा पडलो होतो!” हॅलोरन खुलले. “कडक ऊन. एका हातात तो हिरवा नारळ. आणि डॉली माझ्या पाठीला सनटॅन लोशन चोळतेय. अहाहा!”

माझा काटा तिथल्या तिथे प्लेटमध्ये राहिला.

अमेरिकन सनटॅन लोशनला खोबऱ्याचा वास असतो. तो लॅक्टोन नावाच्या केमिकलचा, जून, सुक्या खोबऱ्याच्या जातीचा. शहाळ्यात तो जवळपास नसतोच. पण चवीचं निम्म्याहून जास्त काम नाक करतं. हॅलोरनसाहेब शहाळं तोंडानं प्यायले होते आणि नाकानं डॉलीचे हात!

संध्याकाळी दोन ड्रगस्टोअर पालथी घातली. जानेवारीत सनटॅन लोशन कोण ठेवणार? घरी वेस्ट विंडसरला आलो आणि बायकोची खोबरेलाची बाटली दिसली. सकाळी ती डोक्यावर उपडी केली.

“अहो, हे काय?” सुमन ओरडली.

“ऑफिसचं काम आहे.”

“आपल्या लग्नात साधा कंगवा फिरवला नव्हतात!”

यात धोका मोठा होता. फ्लेवर लॅबमध्ये सेंट, आफ्टरशेव्ह, तेल, काही लावून यायचं नसतं. आमच्या एका मुलीला नुसत्या शॅम्पूपायी घरी पाठवलं होतं. पण पुदिना आठवला आणि मी गाडीचा हीटर फुल केला. तेल छान तापलं.

कॉन्फरन्स रूममध्ये हॅलोरन कोट न काढताच बसले होते. मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो, डोकं अगदी त्यांच्या गालाजवळ नेलं आणि कालचंच सँपल, अगदी तेच, सावकाश कपात ओतलं. त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले.

“डॉली,” ते म्हणाले.

मी वाकलेलाच राहिलो. पाठीत कळ आली, पण हललो नाही.

“हेच! मोंबासा! काय बदललंत?”

“टॉप नोट वाढवली, सर.” टॉप नोट म्हणजे नाकाला सगळ्यात आधी भेटतो तो वास. मी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो.

वॉल्टरनं मला दंडाला धरून कॉरिडॉरमध्ये नेलं आणि दोनदा हुंगलं.

“दिलीप, ती टॉप नोट कपात आहे का तुझ्या डोक्यावर?”

“सध्या डोक्यावर. दुपारपर्यंत कपात घालतो.”

त्याच्या मिशा थरथरत होत्या. रागानं की हसू दाबून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

“घरी जा. डोकं धू. दोनदा धू. मग लॅक्टोन घाल.”

घातलं. यावेळी चाखणाऱ्या मंडळींनी वेगळा कप एका घोटात ओळखला. खऱ्या शहाळ्यापासून आम्ही कोसभर लांब गेलो होतो. ते सँपल टेक्सासला पोचलं आणि हॅलोरन यांचा फोन आला, “आता परफेक्ट!” उन्हाळ्यात माडाच्या चित्राचे कॅन दुकानात लागले, आणि मला फ्लेवरिस्ट लिहिलेली व्हिजिटिंग कार्डं मिळाली.

तेव्हापासून नवीन ट्रेनी आला की त्याला मी एवढंच सांगतो. काय प्यायलात, हे क्लायंटला विचारू नकोस, ते त्याला माहीत नसतं. तेव्हा अंगाला काय चोळलं होतं, ते विचार.