चहाबंदी

आमच्या गडचिरोलीच्या कॉलेजातलं आरोग्य केंद्र म्हणजे कॅन्टीनला चिकटलेली एक खोली. वजनकाटा, गोळ्यांचं कपाट आणि एक सिस्टरबाई. पोट धरून कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "सकाळी जेवली का?" निम्म्या पोरींचा आजार तिथेच कळायचा.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती फणफणत. कॉलेजच्या रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं होतं. बोटातला रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. रक्तात दम असला तर तो बुडतो. माझा वर तरंगत राहिला.

आणि मला रक्त द्यायचंच होतं. धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आई मरता मरता वाचली, ती कॉलेजातल्या कोण्या मुलाने दिलेल्या रक्ताने. दवाखान्यात रक्त हवंय एवढं ऐकून तो आला, दिलं आणि निघून गेला. आईला त्याचं तोंडही दिसलं नाही. अजूनही भावाच्या वाढदिवसाला ती त्या मुलाच्या नावाची एक वाटी खीर बाजूला काढते. भाऊच ती खातो, ते सोडा.

सिस्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या काढल्या. "होस्टेलवर नेशीन तर खाटेखाली फेकशीन. रोज इथी येऊन माझ्यासमोर खायची." मग रोज तेच. गोळी, वर लिंबूपाणी, शेवटी "आ कर".

दोन महिन्यांनी तपासलं तर रक्त जागचं हललेलं नव्हतं.

"गोळी खाऊन कुठी जातं तू?"

"कॅन्टीनमध्ये. तोंडाची चव जावी म्हणून कडक चहा पिते."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मी इथी गोळ्या देऊन राह्यली, अन् तू वरून चहा ओतून राह्यली. चहानं गोळी अंगी लागत नाई, बाई."

"मग तासाभराने पिते."

"तुह्या तासावर माहा भरवसा नाई."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवाले भाऊ म्हणाले, "तुले चहा नाई. सिस्टरनं सांगतलं." प्राचार्यांकडे तक्रार करीन म्हटलं, तर म्हणाले, "कर ना. त्यायलेबी चहा मीच देतो." मैत्रिणीला पाठवलं, तर तिला विचारलं, कोणासाठी? मला त्या दोघांचा इतका राग यायचा! आता वाटतं, घरापासून लांब कोणी आपल्या चहावर इतका पहारा ठेवावा, हे केवढं नशीब.

पुढच्या शिबिरात बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थेंब निळ्या पाण्यात पडला, क्षणभर अडला आणि सरळ तळाला गेला.

"बुडला," बाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. इतक्या मायेचा धपाटा मला घरीही मिळाला नव्हता.

रक्त देऊन पडले होते, तेव्हा कॅन्टीनवाले भाऊ स्वतः चहा घेऊन आले. "सिस्टर म्हणाली, आज दे." तो हातात धरूनच मी आईला फोन लावला.

"कोणाले देलं?" आईने विचारलं.

"माहीत नाई. मी इचारलंच नाई."

आई म्हणाली, "त्या पोरानंबी इचारलं नोहतं."