भरवशाची तीन पिस्तुलं

जे पिस्तूल दर वेळी नीट चालतं, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. आमच्या क्लबात किस्से साठले ते संदीपमुळे. संदीप माझा ऑफिसातला मित्र, मूळचा साताऱ्याचा, राहायला आता इथे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात. शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, आम्ही दोघं पिस्तूल क्लबात नेमबाजीला जातो. माझ्याकडे एकच साधं पिस्तूल आहे. संदीपकडे कलेक्शन आहे. रीतसर लायसन्स, रीतसर तिजोरी, आणि एकाही नळीचा भरवसा नाही.

*

पहिलं घेतलं ते इटालियन, दिसायला देखणं. साधी गोळी घातली की अडकायचं, महागातली घातली की सुरळीत. संदीपने हे घरी बायकोला, रुपालीला, कौतुकाने सांगितलं, "त्याला हलकं काही चालतच नाही."

"माहितीये," रुपाली म्हणाली. "माझ्या माहेरी गेलास की तुझंही असंच असतं."

*

मग रिव्हॉल्व्हर आलं. "त्यात अडकायला काही नसतंच. जगबुडी झाली तरी चालेल." हे संदीपने क्लबात इतक्यांदा सांगितलं, की शेजारच्या क्लबाशी मॅच ठरली तेव्हा टीममधली शेवटची जागा त्यालाच मिळाली.

मॅचच्या दिवशी ग्रॅहमने, म्हणजे आमच्या सत्तरीतल्या रेंज ऑफिसरने, इशारा दिला. संदीपने श्वास रोखून चाप ओढला. टक्. पुन्हा टक्. शेवटपर्यंत नुसतं टक् टक्. गोळ्या बाजूच्या टेबलावर, डबीत.

ग्रॅहमने ते रिकामं चक्र फिरवून बघितलं आणि म्हणाला, "फेअर इनफ, मेट. अडकलं मात्र एकदाही नाही."

*

शस्त्रं घरी नीट ठेवली आहेत ना, हे बघायला एकदा पोलीस खात्यातली एक तरुण बाई आली. संदीपने ऐटीत नव्या डिजिटल तिजोरीचा कोड दाबला. तिजोरी ढिम्म. बॅटरी संपलेली, आणि जादा किल्ली तिजोरीतच. आता लायसन्स गेलं म्हणून संदीपला घाम फुटला.

बाईने हँडल दोनदा जोरात हिसकून बघितलं. "सुरक्षिततेबद्दल माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. "उघडली की फोन कर."

*

दसऱ्याला रुपालीने शस्त्रपूजा केली. रिकामी, तपासलेली शस्त्रं पाटावर, त्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडू. शनिवारी इटालियन पिस्तुलाचा चाप अर्ध्यावरच थांबला. दुरुस्तीवाल्याने ते खोललं आणि चिमट्याने तांदळाचे लालभडक दाणे एकेक करून काउंटरवर मांडले.

"मेट," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तांदळात ठेवतात तो भिजलेला फोन."

संदीप खाली मान घालून "नो वरीज" म्हणाला.

*

तिसरं पिस्तूल जुनं, खुद्द ग्रॅहमकडून घेतलेलं आणि सगळ्यांत वाईट. संदीपने स्प्रिंग बदलली, मॅगझिन बदललं, तेल बदललं. दोन गोळ्या सुटायच्या आणि तिसरी अडकायची. शेवटी ग्रॅहमनेही हात टेकले.

गेल्या हिवाळ्यात संदीपची आई साताऱ्याहून आली. क्लबात पाहुण्यांना देखरेखीखाली नेमबाजी करू देतात. काकू साडीवर स्वेटर घालून, कानांवर मफ्स चढवून उभ्या राहिल्या. ग्रॅहम शेजारी. संदीपने नेमकं तेच पिस्तूल आणलेलं. काकूंनी आख्खं मॅगझिन रिकामं केलं. एकही गोळी अडकली नाही.

संदीपने हातात घेतलं. अडकलं.

ग्रॅहमने घेतलं. अडकलं.

पुन्हा काकूंना दिलं. सगळ्या गोळ्या सटासट सुटल्या.

"आई, तू नेमकं काय करतेस?"

"काय करणार? तुम्ही सांगितलं तसंच," काकू म्हणाल्या, आणि इथे चहा कुठे मिळतो ते मला विचारू लागल्या.

ग्रॅहमने ते पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं. मग मला बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं, "यांचा व्हिसा कधीपर्यंत आहे?"