ओळ पडायच्या आत

सरांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला, तेव्हा क्वायरच्या सेक्रेटरी मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"या वेळी कागदावर आहे तसंच गायचं. सरांचं काम आहे ते. आपण त्यात हात घालायचा नाही."

"सरांसमोर गायले तसंच गाईन," मी म्हटलं.

"मग उभी राहू नकोस."

शनिवारी नेहमीच्या वेळेला तालमीला गेले आणि माझ्या जागेवर उभी राहिले. आमची तालीम सीवूड्सच्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये होते. तिथून कोणाला हाताला धरून बाहेर काढायचं म्हणजे वॉचमनला बोलवावं लागतं, आणि वॉचमन माझ्याच तालुक्याचा आहे.

सर ब्रिटिश होते. आयुष्यभर त्यांनी क्वायरसाठी संगीत रचलं. म्हणजे वीस-तीस माणसं एकत्र उभी राहतात, एकाच गाण्याच्या चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी गातात आणि तरी ते एकच गाणं वाटतं, तसलं संगीत. तिकडच्या विद्यापीठात ते हेच शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलीच्या नोकरीमुळे तिच्याबरोबर इकडे आले आणि वाशीतल्या एका कॉलेजात आठवड्यातून एकदा व्याख्यान द्यायला आणि शनिवारी आमची क्वायर शिकवायला लागले. त्या कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट, घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहते. सर स्वरलिपीचे कागद झेरॉक्स करायला माझ्याकडे यायचे. एकदा मी मशीनपाशी गुणगुणत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "शनिवारी मोकळी असतेस का?"

त्यांना मराठी शब्द दोनच यायचे, 'परत' आणि 'थांब'. तालमीला तेवढे पुरायचे.

ऑफिस सुटल्यावर कॉलेजच्या पायऱ्यांवर बसवून त्यांनी मला स्वरलिपी वाचायला शिकवली. फुकट शिकवली, चिडून चिडून शिकवली. त्यांचे वडील कापड गिरणीत कामाला होते आणि रविवारी गिरणीतल्या लोकांच्या क्वायरमध्ये गायचे. सरही त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. म्हणून ते मला सांभाळून घेतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चुकलं की सगळ्यांच्या दुप्पट ओरडा मलाच. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण उपकार आठवायचे म्हणजे तोंड मिटून बसायचं, असं मला कोणी शिकवलेलं नाही.

पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली. मी खालच्या आवाजात, म्हणजे अल्टोमध्ये. वरच्या आवाजातल्या बायकांची ओळ संपत आली आणि माझ्या तोंडून ओळीचे शेवटचे शब्द आपोआप, मोठ्यानं निघाले. कागदावर माझ्यापुढे तिथे नुसता विराम होता. पुढच्या ओळीलाही तेच झालं. सगळे हसले.

"अगं, हा काय जलसा आहे का?" मॅडम म्हणाल्या.

जलसा नव्हता, पण मी तिथूनच आलेली. माझ्या काकांची गायन पार्टी होती. जयंतीला विहारासमोर ओट्यावर काका पेटी घेऊन बसायचे आणि आम्ही पोरी मागे कोरसला. काकांना दमा होता. ओळीच्या शेवटाला त्यांचा श्वास संपायचा. तो संपतोय हे आम्ही त्यांच्या पाठीवरून ओळखायचो आणि शेवटच्या शब्दाआधीच ओळ उचलायचो. त्याला झील धरणं म्हणतात. ऐकणाऱ्यांना वाटे, काका अजून गातायत. काका तोवर श्वास घेऊन मोकळे. एखादीला उशीर झाला की गाणं संपल्यावर मागे वळून म्हणायचे, "भुईवर पाडली की गं वळ! कुनाची वाट बघीत व्हतीस?"

हे सगळं मी सरांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "परत." मी परत केलं. मग त्यांनी वही मिटली आणि तालीम तिथेच संपवली.

दोन महिन्यांनी ते नवीन रचना घेऊन आले. मराठी शब्द होते, कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी लिहिलेले, खाडीवर. 'भरती आली, दार उघड.' तीन कडवी. प्रत्येक ओळीनंतर अल्टोने ती ओळ उचलायची. सरांनी माझी झील क्वायरमध्ये आणली होती! मी कागद हातात घेऊन वाचला आणि माझा चेहरा उतरला. ओळ संपते, मग एक मात्रा शांतता, मग अल्टो.

"सर, ही झील नाही," मी म्हटलं. "ओळ पडल्यावर उचललीत तुम्ही."

"आधी उचललीस तर दोन स्वर एकमेकांवर आदळतील."

"आदळू दे."

"रचना मी केली आहे," सर म्हणाले.

"झील मी धरते आहे," मी म्हटलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. सरांनी मला तालमीत त्या जागी दहादा थांबवलं. डावा तळहात माझ्यासमोर धरायचे, "थांब." तालमीत मी थांबले. पण पटलं नव्हतं.

मग वाशीच्या कार्यक्रमात ही रचना पहिल्यांदा गायलो. पहिलं कडवं आलं. सरांचा तळहात वर गेला. वरच्या बायकांचा श्वास तुटताना मला ऐकू आला आणि मी थांबले नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कडव्याला तो हात वर आलाच नाही. तिसऱ्यालाही नाही.

नंतर चहा पिताना त्यांनी विचारलं, "किती आधी? मला लिहायचं आहे."

"तसं सांगता येत नाही, सर. समोरच्याचा श्वास बघायचा."

"मग ते कागदावर मावणार नाही," ते म्हणाले, आणि कागद आहे तसाच ठेवला.

पुढे ते मुलीबरोबर परत गेले आणि यंदा तिकडेच वारले. कागदावर अजून ती एक मात्रा शांतता आहे. माझ्याकडे पुरावा काही नाही. न उचललेला हात कोण दाखवणार? मॅडम म्हणतात, "म्हातारा माणूस, हात दुखला असेल." असेल. मी तिथे होते, मी तो हात पाहिला. मला तेवढं पुरतं.

आठवणीच्या कार्यक्रमाला सरांच्या जागी, हातानं खुणा करून गाऊन घ्यायला, एक तरुण संगीत शिक्षक होता. निघण्याआधी मॅडम हळूच म्हणाल्या, "आज तरी सरांचा मान ठेव."

"ठेवते," मी म्हटलं.

स्टेजवर मॅडम नेमक्या माझ्यापुढे उभ्या होत्या. त्या वरच्या आवाजात गातात. वय झालंय, गुडघ्यांबरोबर दमही कमी झालाय, पण सांगायच्या नाहीत. पहिल्या ओळीच्या शेवटाला त्यांचे खांदे वर चढले. शिक्षकाचा तळहात आला, थांब. मी ओळ उचलली. आदळले ते दोन स्वर, चांगले खणखणीत आदळले. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी मान वळवून पाहिलं. दुसऱ्या कडव्याला शिक्षकाने हात आणखी पुढे आणला. मी परत उचलली, आणि माझ्या शेजारची कोपरखैरण्याची मुलगी, नेहमी कागदात डोकं घालून गाणारी, माझ्याबरोबर आली.

तिसऱ्या कडव्याला मॅडमचे खांदे वर चढलेच नाहीत. शेवटचा शब्द त्यांनी अर्ध्यावर सोडून दिला आणि सावकाश श्वास घेतला. मागे मी आहे, हे धरून चालल्या होत्या.

खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "तू काही सुधारणार नाहीस."

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "शनिवारी येतेच."