फिलोमिनाच्या हातातला मॉप

टीव्हीचा पडदा लालभडक झाला आणि आम्हाला काहीच दिसेना.

वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर. टेबलावर नायगावच्या एक शिक्षिका, पित्ताशयातल्या खड्यांसाठी. नव्वदचं दशक संपत आलं होतं, दुर्बीण आमच्याकडे नवीनच. पोटाला बारीक छिद्रं पाडायची, कॅमेरा आत सोडायचा आणि टीव्हीत बघून ऑपरेशन करायचं. तिथल्या सिस्टर्सना हे शिकवायला मी जायची.

सुरू करण्याआधीच सर्जनशी माझी वाजली होती. पोट उघडायची अवजारं, म्हणजे ओपन सेट, मी ट्रॉलीवर मांडायला लावला होता.

"माझ्यावर भरवसा नाही का, सिस्टर?"

"आहे ना सर. म्हणून तर झाकून ठेवलाय."

सर तोंड वाकडं करून हात धुवायला गेले. सिस्टर्सचेही चेहरे पडले. सेट मांडला की तो लागतोच, असा त्यांचा समज.

आणि आता आत रक्तवाहिनी सुटली होती. पोट उघडून करायच्या ऑपरेशनमध्ये रक्त आलं की सर्जनच्या हातात मॉप द्यायचा, म्हणजे गॉझची जाड घडी, की ते दाबून धरतात. फिलोमिना सिस्टरची अख्खी नोकरी त्यात गेलेली. तिने सवयीने मॉप पुढे केला. पण पोट बंद! दाबणार कुठे? हात तसाच अधांतरी, मास्कमागे 'नमो मरिये' ही प्रार्थना चाललेली. बाकीच्या सिस्टर्स सिरीयल बघावी तशा टीव्हीकडे बघत उभ्या. बाईंच्या मिस्टरांना मीच सांगून आले होते, काळजी करू नका म्हणून.

"बीपी पडतंय!" भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"टीव्ही सोडा गं, पेशंटकडे बघा!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू येईना.

सर म्हणाले, "ओपन."

मी ट्रॉलीवरचं कापड ओढलं, सुरी त्यांच्या हातात दिली. पोट उघडलं आणि सगळ्यांत आधी आत गेला तो फिलोमिनाचा मॉप. सरांनी दाबून धरला. रक्त थांबलं, मग चिमटा लागला.

बाई वाचल्या. फिलोमिना बाहेर स्टुलावर बसली.

"मॅडम, येड्यासारखी मॉप धरून उभी राहिले मी."

"जरा लवकर धरलात, एवढंच."

पुढच्या केसला हात धुण्याआधी सरांनी आत डोकावून विचारलं, "ओपन सेट कुठाय?"

तेव्हापासून दुर्बीण शिकवताना पहिला धडा मी ओपन सेटचाच घेते. दुर्बिणीला हात नंतर.